तोडणी कार्यक्रम संगणकाने लावला, पण शेतकी खातं मानत नाही: काय करावं?

प्रश्न विचारणारे एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम करतात. ऊसतोडणीचा क्रम लावण्यासाठी त्यांनी जेनेटिक अल्गोरिदम लिहिला आहे, म्हणजे अनेक क्रम घेऊन, त्यातले चांगले निवडून, त्यांची सरमिसळ करत पिढीगणिक सुधारत जाणारा प्रोग्राम. कार्यक्षेत्रात सुमारे ८,००० प्लॉट, पॉप्युलेशन (एका पिढीतले क्रम) २००, पिढ्या १,०००. स्क्रीनवर सरासरी साखर उतारा (उसाच्या वजनात साखर किती टक्के निघते) ०.४ टक्क्याने वाढलेला दिसतो, वाहतुकीचं अंतरही कमी होतं. शेतकी अधिकाऱ्यांनी मात्र यादी चाळली आणि ‘हे फडात चालायचं नाही’ म्हणून परत केली. आता अँट कॉलनी (मुंग्यांच्या वागण्यावर बेतलेला शोध) करून बघू, पार्टिकल स्वॉर्म (थव्याच्या वागण्यावर बेतलेला) करू, की सरळ न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं मॉडेल) शिकवू, असं ते विचारतात.

मी २२ वर्षं क्रम आणि वेळापत्रकं लावण्याच्याच कामात आहे. फाउंड्रीत भट्टीचे हीट (धातू वितळवण्याच्या खेपा) कुठल्या क्रमाने घ्यायचे, पाणीयोजनेचे पंप कधी चालवायचे, आणि चार गळीत हंगाम ऊसतोडणी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अल्गोरिदम बदलू नका. १९९७ साली वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी गणिताने दाखवून दिलं की सगळ्या शक्य प्रश्नांची सरासरी काढली तर शोधाची कुठलीच पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही. एखादी पद्धत सरस ठरते ती त्या विशिष्ट प्रश्नाबद्दलची माहिती तिच्यात घातली म्हणून. मुंग्यांचा अल्गोरिदम आणलात तरी त्याला फडातलं तेवढंच कळणार, जेवढं तुम्ही लिहून द्याल. शेतकी अधिकाऱ्यांच्या नकारात नेमकी हीच माहिती आहे आणि ती अजून तुमच्या कोडमध्ये आलेली नाही. तेव्हा तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: ‘चांगला तोडणी कार्यक्रम’ कशाला म्हणायचं आणि ते कुणी ठरवायचं?

याची काही उत्तरं परिस्थितीवर अवलंबून आहेत. दिवसाला २,५०० टन गाळणारा कारखाना आणि १०,००० टनांचा, यांचं गणित वेगळं. बैलगाड्या किती, ट्रॅक्टर किती, हार्वेस्टर किती. ऊस कार्यक्षेत्रातलाच आहे की गेटकेनवर (कार्यक्षेत्राबाहेरून येणाऱ्या उसावर) भिस्त आहे. शेजारचा कारखाना जवळ आहे का, कारण तोड उशिरा मिळाली की सभासद ऊस तिकडे घालतो आणि तुमची यादी आपोआप खोटी ठरते. तुमच्या लागण नोंदी प्लॉटनिहाय खऱ्या आहेत की खातेदाराच्या नावावर अंदाजे एकर टाकलेत, यावर तर सगळंच अवलंबून. हे तुमचं तुम्ही तपासा. मी सांगतोय ते बहुतेक ठिकाणी लागू पडेल असं.

जेनेटिक अल्गोरिदम निवडलात ते मात्र बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते समजून घेतलंत तर पुढचं सोपं जाईल. १९६४ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेखेनबर्ग यांनी बिजागऱ्यांनी जोडलेल्या सहा पट्ट्यांची एक घडीची फळी वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली. सांधे पाच, प्रत्येक सांध्याच्या ५१ स्थिती, म्हणजे साडेचौतीस कोटी रचना. त्यांनी सांधे थोडेथोडे, केवळ नशिबाच्या कौलाने हलवले, हवेचा रोध मोजला, कमी झाला तर नवी रचना ठेवली, नाहीतर जुनीवर परत. नागमोडी फळी हळूहळू जवळजवळ सपाट झाली, आणि कमीत कमी रोधाचं उत्तर तेच होतं. सूत्र हाताशी नसलं तरी रचना चांगली की वाईट हे मोजता येत असेल, तर ही पद्धत चालते. आठ हजार प्लॉटचा क्रम, त्यात टोळ्या, वाहनं, पिकण्याच्या तारखा आणि गव्हाणीची (कारखान्यात ऊस ओततात त्या जागेची) भूक, हे सूत्रात बसवणं अवघड आहे. पण एखादा क्रम दिला तर हंगाम कसा जाईल हे दिवसागणिक चालवून बघता येतं.

फरक एकच आहे. रेखेनबर्ग यांच्याकडे खरा वारा होता. तुमच्याकडे जो ‘वारा’ आहे तो तुम्हीच लिहिलेलं फिटनेस फंक्शन आहे, म्हणजे प्रत्येक क्रमाला गुण देणारा हिशोब. त्यात भोक असेल तर उत्क्रांती ते शोधून काढणारच. ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्सन यांनी १९९६ मध्ये एका चिपवर १ किलोहर्ट्‌झ आणि १० किलोहर्ट्‌झचे सूर ओळखणारं सर्किट अशाच पद्धतीने वाढवलं. ते चाललं, पण त्यातले काही भाग बाकीच्या सर्किटला जोडलेलेच नव्हते आणि तरी ते बंद केले की सर्किट बिघडायचं. चिपच्या त्या एका तुकड्याचे भौतिक गुण उत्क्रांतीने वापरून घेतले होते, जे कुणीही तिला सांगितले नव्हते. तुम्ही जे लिहिलंय तेच ही पद्धत मिळवून देते. जे मनात होतं ते नाही.

मला हे कळलं ते फार महागात. पहिल्या हंगामात एका कारखान्यासाठी मी फिटनेसमध्ये दोनच गोष्टी घेतल्या होत्या, उतारा आणि वाहतूक. जवळपास तुमच्यासारखंच. संगणकाने सुंदर क्रम दिला. गाळप सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. डिसेंबरातली धुक्याची सकाळ, मी गट कार्यालयाच्या पायरीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. एका टोळीचे मुकादम आले. बारा कोयत्यांची टोळी, म्हणजे बारा जोडपी, सोबत पोरंबाळं आणि बैलं. ते मला म्हणाले, “साहेब, नऊ दिवसांत तिसरं गाव. कोप्या उकलायच्या नि बांधायच्या की ऊस तोडायचा, एक काय ते सांगा.”

माझ्या कोडमध्ये टोळी हा एक क्रमांक होता आणि दोन गावांमधलं अंतर म्हणजे किलोमीटर. कोपी, म्हणजे राहायची तात्पुरती झोपडी, मोडायची, भांडीकुंडी ट्रॅक्टरवर घालायची, नव्या जागी पाण्याची सोय बघायची, लहान पोराला कुठे निजवायचं ते बघायचं, यात अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची तोड बुडते. कोयत्याला पैसे टनावर मिळतात. म्हणजे माझ्या क्रमातल्या प्रत्येक मुक्काम बदलाचे पैसे त्या माणसांच्या खिशातून जात होते आणि माझ्या स्क्रीनवर त्याची किंमत शून्य होती. त्या महिन्यात काही कोयते टोळी सोडून गेले. त्यांचं जे नुकसान झालं त्याला माझी एक गाळलेली ओळ कारणीभूत होती, हे मी विसरलेलो नाही. पुढच्या हंगामापासून मुक्काम हलवण्याला फिटनेसमध्ये जबर दंड, आणि एका अड्ड्यावर टोळी ठरावीक दिवस राहिलीच पाहिजे हा नियम.

तुमच्या शेतकी अधिकाऱ्यांनी यादी परत केली म्हणजे त्यांना अशा दहा ओळी दिसल्या असणार. त्यांना ‘का’ विचारून फारसं हाती लागत नाही, कारण हे ज्ञान शब्दात नसतं. त्याऐवजी तुमच्या यादीतला एक विशिष्ट दिवस काढा, चिटबॉयला (शेतकी खात्याच्या, फडाफडांवर फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला) मोटारसायकलवर सोबत घ्या आणि त्या दिवसाचे सगळे प्लॉट बघून या. मला एकदा असंच एका चिटबॉयने बांधावर उभं केलं. समोर चार प्लॉट. माझ्या यादीत आतला, विहिरीकडचा प्लॉट पहिला होता, कारण तो को ८६०३२ या जातीचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा आलेलं पीक), पिकलेला. चिटबॉय म्हणाला, “ट्रॉली आत न्यायची कुठून?” वाट नव्हतीच. पुढच्या दोन शेतकऱ्यांचा ऊस तुटल्याशिवाय आत चाक जाऊ शकत नाही. त्यातल्या एकाचा ऊस अजून महिनाभर कच्चा होता. म्हणजे या तिघांचा निर्णय एकत्रच घ्यायला हवा, आणि नकाशावर ते कुठेच दिसत नाही. उपग्रहाच्या चित्रात बांध दिसतो, वाटेचं भांडण दिसत नाही.

अशा अटी दोन जातीच्या असतात. काही मोडताच येत नाहीत: वाट नसणं, एका टोळीने एका दिवशी दोन ठिकाणी असणं, गव्हाणीची क्षमता. बाकीच्या मोडता येतात पण किंमत पडते: मुक्काम हलवणं, पाळी चार दिवस पुढेमागे होणं, ऊस तोडल्यापासून गाळपापर्यंत २४ तासांपेक्षा जास्त वेळ जाणं. पहिल्या जातीच्या अटी दंड लावून सांभाळू नका. दंड मोठा लावला की शोध अडकतो, लहान लावला की नियम मोडलेले क्रम जिंकतात. त्या रचनेतच बसवा.

रचनेचं थोडं खोलात सांगतो, कारण इथे नवे लोक हमखास अडखळतात. क्रोमोसोममध्ये (अल्गोरिदम एक उत्तर ज्या रूपात साठवतो त्यात) ‘कुठला प्लॉट कुठल्या तारखेला’ असं लिहू नका. फक्त प्राधान्याचा क्रम लिहा, प्लॉट क्रमांकांची एक रांग. मग एक वेगळा डीकोडर ती रांग घेऊन दिवसेंदिवस पुढे सरकतो: पुढचा प्लॉट उचल, त्याला वाट खुली आहे का, त्या अड्ड्यावर टोळी मोकळी आहे का, आजचा कोटा शिल्लक आहे का, असेल तर आज लाव, नसेल तर थांबव. रांग कशीही असली तरी बाहेर पडणारा कार्यक्रम करता येण्याजोगाच असतो. मुकादमाने किंवा चिटबॉयने नवी अट सांगितली की ती डीकोडरमध्ये एका ठिकाणी घालायची, अल्गोरिदमला हात लावायचा नाही.

आणि क्रॉसओव्हर, म्हणजे दोन क्रमांतून नवा क्रम बनवणं, तेही बघा. सहा प्लॉटचे दोन क्रम घ्या: पहिला १ २ ३ ४ ५ ६, दुसरा ४ ६ २ १ ५ ३. मधोमध कापून जोडले तर मूल होतं १ २ ३ १ ५ ३. प्लॉट १ आणि ३ दोनदा तोडले, ४ आणि ६ कधीच नाहीत. त्याऐवजी पहिल्याकडून १ २ ३ तसेच घ्या आणि उरलेले प्लॉट दुसऱ्यात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने भरा: १ २ ३ ४ ६ ५. याला ऑर्डर क्रॉसओव्हर म्हणतात. तुम्ही आधीच हे करत असाल तर उत्तम. करत नसाल आणि नंतर ‘दुरुस्ती’ करून डुप्लिकेट काढत असाल, तर आईबापांकडून आलेला चांगला भाग दुरुस्तीतच नाहीसा होतो आणि हजार पिढ्या चालवूनही तुम्ही जवळपास आंधळा शोध घेत बसता.

पहिल्या पिढीत सगळे क्रम रँडम ठेवू नका. लागण तारखेनुसार लावलेला शेतकी खात्याचा कार्यक्रम त्यात जसाच्या तसा घाला. मग संगणकाचं उत्तर त्यांच्या कार्यक्रमापासून वाढत जातं, आणि त्यांना ते ओळखीचं वाटतं. कागद हातात घेतल्यावर माणूस आधी स्वतःच्या ओळखीच्या चार नावांची पाळी बघतो.

आणखी एक. सगळंच उत्क्रांतीवर टाकू नका. कुठल्या आठवड्यात कुठल्या गटातून दिवसाला किती टन यायला हवेत, हा प्रश्न सरळ बेरीज-वजाबाकीचा आहे. तो लिनिअर प्रोग्रॅमिंगने (सरळ समीकरणांच्या अटींत सर्वोत्तम उत्तर काढण्याच्या गणिती पद्धतीने) सोडवा. उत्तर सर्वोत्तम आहे याची खात्रीही मिळते, जी जेनेटिक अल्गोरिदम कधीच देत नाही. गटाच्या आतला रोजचा क्रम मात्र उत्क्रांतीकडे. आठ हजारांची एकच रांग होण्याऐवजी पाच-सातशेच्या काही रांगा होतात आणि शोध कितीतरी सोपा होतो.

आता तुमच्या ०.४ टक्क्यांकडे येतो. ५ लाख टन गाळपावर ०.४ टक्के म्हणजे २,००० टन जादा साखर. एफआरपीच्या (केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराच्या) हिशोबात, २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि पुढच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये धरले, तर टनामागे जवळपास १३८ रुपये. आकडा मोठा आहे, म्हणूनच त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

तो आकडा तुमच्या अंदाजित उताऱ्यावरून आलाय. समजा दहा प्लॉट आहेत, सगळ्यांचा खरा उतारा ११. तुमच्या मोजणीत वर-खाली अर्ध्या टक्क्याची चूक आहे. कुणाचा १०.६ दिसतो, कुणाचा ११.५. संगणक ११.५ वाला आज तोडायला सांगतो आणि स्वतःला शाबासकी देतो. गव्हाणीत पडल्यावर तोही ११ च भरतो. जो अंदाज चुकून चढा आला तोच निवडला जातो, आणि शोध जितका ताकदवान तितकी ही फसगत मोठी. ऊस सँपलमध्ये चूक व्हायला जागाही भरपूर आहे. हँड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं प्रमाण) घेताना कुठलं कांडं टोचलं यावर आकडा बदलतो. वरच्या आणि खालच्या कांड्याच्या ब्रिक्सचं गुणोत्तर १ च्या जवळ आलं की ऊस पक्व धरतात, पण घाईत पोरं मधलंच एक कांडं घेतात. आठवड्यापूर्वी पाणी दिलेल्या उसाचा ब्रिक्स कमी दिसतो. बांधाकडेचा ऊस आणि फडाच्या मधला ऊस सारखा नसतो. आम्ही मागचा एक हंगाम पुन्हा चालवून पाहिला तेव्हा संगणकाने दाखवलेल्या वाढीतली बरीचशी विरून गेली. जी उरली ती खरी होती आणि तिच्यासाठी कष्ट घेणं योग्यच होतं.

उपाय दोन आहेत. प्लॉटच्या अंदाजाला त्या जातीच्या, त्या लागण हंगामाच्या सरासरीकडे थोडं ओढून घ्या. एकुलत्या एका सँपलवर भिस्त ठेवू नका. दुसरं, प्रत्येक क्रम एकाच आकड्यावर न तपासता पंधरा-वीस वेगवेगळ्या ‘हंगामांवर’ तपासा, ज्यात अंदाज थोडे हललेले असतील, चार दिवस अवकाळी पाऊस असेल, एक दिवस मिल बंद पडलेली असेल. मूल्यमापनं वाढतील, पिढ्या कमी करा. ३०० पिढ्यांचं टिकाऊ उत्तर १,००० पिढ्यांच्या नाजूक उत्तरापेक्षा कामाचं.

न्यूरल नेटवर्कची किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची जागा इथे आहे, अंदाज सुधारण्यात. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने ऊस लागवडीत एआय आणल्यापासून प्रत्येक कारखान्यात ‘आपणही काहीतरी करू’ सुरू झालंय, आणि ते चांगलंच आहे. पण लागवडीचा सल्ला वेगळा आणि तोडणीचा क्रम वेगळा. तोडणीसाठी मॉडेलला विचारायचं ते एवढंच: हा प्लॉट साधारण किती टन भरेल आणि कुठल्या पंधरवड्यात पिकेल. सेंटिनल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी. त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. वीस गुंठ्यांच्या प्लॉटला वीस ठिपके, त्यातले कडेचे निम्मे शेजाऱ्याच्या पिकात मिसळलेले. पावसाळ्यात ढगांमुळे आठवडेच्या आठवडे कोरे. एवढ्या माहितीवर मोठं नेटवर्क शिकवू नका. जात, लागण तारीख, खोडवा आहे का, मागच्या वर्षीचं टनेज आणि उपग्रहाचे दोन-तीन आकडे घेऊन डिसिजन ट्रीच्या जातीचं (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांनी अंदाज काढणारं) साधं मॉडेल करा. आणि अंदाजासोबत त्याची चूक किती असते तेही काढा, कारण वर सांगितलेल्या चाचणीत तीच लागणार आहे. थेट निर्णय घेणारं मॉडेल, म्हणजे जुने कार्यक्रम दाखवून नवा कार्यक्रम लिहायला शिकवणं, मी करणार नाही. जुन्या कार्यक्रमांत कुणाची पाळी कुणाच्या शब्दावरून पुढे आली हेसुद्धा ते शिकेल.

इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते, न्यायाची. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात, आणि एफआरपी ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. समजा तुमच्या क्रमाने एकाचा आडसाली ऊस महिनाभर मागे ठेवला, कारण दुसऱ्या कुणाचा ऊस जास्त गोड निघतोय. वाढलेल्या उताऱ्याचा फायदा सगळ्या सभासदांत वाटला जातो. पण वाळून घटलेलं वजन, तुरा आलेला ऊस, उशिरा तुटल्याने खुरटणारा खोडवा, हुकलेली गव्हा-हरभऱ्याची पेरणी, हे सगळं त्या एकाचं. लागण तारखेनुसार पाळी हा नियम संगणकाला अडचण वाटतो, पण तो सभासदांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. उतारा वाढवायचा म्हणून तो शब्द मोडायचा असेल, तर किती मोडायचा हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही.

म्हणूनच उतारा, वाहतूक, मुक्काम बदल आणि पाळीतला फरक यांना वजनं देऊन एकच बेरीज करू नका. ०.५ आणि ०.२ ही वजनं कोडच्या कुठल्यातरी ओळीत लपून बसतात आणि त्यांत मोठा सामाजिक निर्णय होऊन जातो. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली एनएसजीए-२ ही पद्धत २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती एक उत्तर देत नाही, उत्तरांची एक किनार देते: एका बाजूचं काही सोडल्याशिवाय दुसऱ्या बाजूचं काही वाढवता येत नाही असे क्रम. तयार लायब्ररी मिळतात, तुमचा डीकोडर तसाच राहतो. आमच्याकडे ही किनार एका कागदावर छापून बैठकीत ठेवली होती. आडव्या रेषेवर ‘लागण तारखेच्या पाळीपासून जास्तीत जास्त किती दिवस हलला’, उभीवर उतारा. डावीकडे चढ तीव्र होता. पाच-सहा दिवस पुढेमागे केल्याने बराच फायदा. नंतर रेषा सपाट होत गेली. एक जुने संचालक चष्मा वर करून म्हणाले, “मग आठ दिवसांच्या वर कुणाला हलवू नका.” ठराव झाला आणि ते आठ दिवस डीकोडरमधली न मोडता येणारी अट झाले. तो ठराव सभासदांपुढे मांडता आला. माझी वजनं कुणापुढे मांडता आली नसती.

अटी बदलत जातील, त्याला घाबरू नका. नासाच्या एसटी-५ मोहिमेचे छोटे उपग्रह मार्च २००६ मध्ये गेले, त्यांच्यावरचा वाकड्या तारेसारखा अँटेना अशाच पद्धतीने घडवला होता. पहिला अँटेना घडवून झाल्यावर, उपग्रह जाण्याआधीच, ठरलेली कक्षा बदलली, जुना आराखडा चालेना, तेव्हा नव्या अटी घालून त्यांनी नवा अँटेना थोड्या काळात पुन्हा उत्क्रांत केला. डीकोडर नीट वेगळा ठेवलात तर हे तुम्हालाही जमेल, अगदी हंगामाच्या मधोमध.

पडताळणी अशी करा. मागच्या दोन हंगामांच्या वजनकाट्याच्या नोंदी घ्या. त्यावर तीन गोष्टी चालवा: निव्वळ लागण तारखेचा क्रम, त्यातच शेजारचे दोन प्लॉट अदलाबदल करत सुधारत जाणारा साधा शोध, आणि तुमचा जेनेटिक अल्गोरिदम. शेवटच्या दोघांना सारखीच संधी द्या, म्हणजे २०० गुणिले १,००० असे दोन लाख मूल्यमापनांचे. प्रत्येकाच्या तीसेक धावा करा, एका धावेवरून काही ठरवू नका. साधा शोध जर जेनेटिकच्या जवळ पोहोचत असेल तर साधाच वापरा, तो शेतकी खात्याला समजावता येतो. माझ्या एका कामात तसंच झालं होतं आणि आम्ही साधा ठेवला.

मग एकच गट निवडा, शक्यतो जिथले गट अधिकारी यात रस घेतात असा, आणि एक हंगाम फक्त तिथे चालवा. पुढच्या तीन दिवसांचा कार्यक्रम गोठवा. संगणकाने रोज रात्री नवा क्रम काढला तरी ते तीन दिवस हलवायचे नाहीत, नाहीतर मुकादम आणि शेतकरी दोघांचा विश्वास जातो. चिटबॉयला यादी बदलायची मुभा ठेवा, फक्त कारण लिहायला लावा, दोन शब्दांत. ‘ओढ्याला पाणी’, ‘कालव्याचं आवर्तन’, ‘मालकाकडे मयत’, ‘टोळी गावी’. महिनाभराने ती कारणं वाचा. जी वारंवार येतात ती डीकोडरमध्ये घाला. आमच्याकडे आवर्तनाची अट याच नोंदींतून आली.

गाळपाआधी उभ्या उसाची पाहणी होईल तेव्हा चिटबॉयच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवून घ्या: ‘ट्रॉलीला वाट कुणाच्या प्लॉटमधून’ आणि ‘जवळ टोळीच्या मुक्कामाला पाणी आहे का’. दोन-चार दिवस त्यांच्यासोबत स्वतः फिरा. ते रकाने भरून आले की कोड उघडा.